नागीण, नाग आणि ‘हेही वाचा’

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नागापूरहून साठी ओलांडलेले एक गृहस्थ ओपीडीत आले. एमआयडीसीतल्या कारखान्यात उमेद घालवून निवृत्त झालेले. सोबत अकरावीतली नात. त्यांनी सदरा वर केला तर डाव्या बाजूला, पाठीच्या कण्यापासून छातीच्या मध्यापर्यंत, पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उमटलेला. बघताक्षणी कळलं, नागीण.

“किती दिवस झाले, मामा?”

“आज पाचवा, डॉक्टरसाहेब. वेढा पुरा झाला का हो?”

पाच दिवसांत गेरूचा लेप झाला होता आणि नागीण उतरवणाऱ्याकडे दोन फेऱ्या झाल्या होत्या. नातीला मात्र अपराधी वाटत होतं. ती म्हणाली, “सर, मी पहिल्याच दिवशी मोबाइलवर वाचलं होतं. दवाखान्यात जा असं त्यात लिहिलंही होतं. पण लेख संपल्यावर खाली ‘हेही वाचा’ म्हणून नाग, मण्यार आणि सर्पदंश आले. आबा म्हणाले, बघ, फोनसुद्धा तेच सांगतोय!”

नागीण या आजाराचा सापाशी काडीचाही संबंध नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून पूर्णपणे जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. वय वाढलं, मधुमेह झाला किंवा दुसऱ्या कशाने प्रतिकारशक्ती उतरली की तो जागा होतो आणि एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. हे तंतू शरीराच्या मध्यरेषेपर्यंतच जातात, म्हणून पुरळही सहसा एकाच बाजूला राहतं. वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. खरा धोका वेगळा असतो. विषाणूवरचं औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा उपयोग सर्वांत चांगला होतो. ती वेळ हुकली की फोड वाळल्यानंतरही आग आणि ठणका कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने मागे लागू शकतो.

आबांचे ते 72 तास गेले होते. दोष एकट्या मोबाइलचा नाही. समजूत आधीपासूनच होती. पण तीन ओळींच्या शिफारशीने तिच्यावर शिक्का मारला. ही शिफारस करतं कोण आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात राहिला.

बाणाची खूण

एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे बोट दाखवणं ही कोशांची जुनीच रीत आहे. लंडनमध्ये 1728 साली निघालेल्या इफ्रेम चेंबर्सच्या ज्ञानकोशातही ‘अमुक पाहा’ अशा सूचना होत्या. कारण सरळ आहे. कोश अकारविल्हे लावलेला असतो आणि वर्णमालेला विषय कळत नाही. ‘डास’ एका खंडात, ‘हिवताप’ दुसऱ्या खंडात. दोघांची गाठ घालून द्यायची तर कोणीतरी मध्ये उभं राहायला हवं.

आपल्याकडे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी गेल्या शतकाच्या विशीत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड उभे केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईत मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं आणि 1976 मध्ये त्याचा पहिला खंड आला. हा खंड ‘अंक’पासून ‘आतुरचिकित्सा’पर्यंत जातो आणि दुसरा सुरू होतो ‘आतुर निदान’पासून. आतुर म्हणजे आजारी माणूस. अकारविल्हे क्रमात ‘चि’ आधी आणि ‘नि’ नंतर, म्हणून चिकित्सा पहिल्या खंडात आणि निदान दुसऱ्यात! कोणताही डॉक्टर हसेल, कारण आम्ही आधी निदान करतो आणि मग उपचार. वर्णमालेची ही अडचण विश्वकोशाच्या संपादकांनी खुणांनी सोडवली. मजकुरात एखाद्या शब्दाआधी बाण दिसला तर त्या विषयावर स्वतंत्र नोंद आहे असं समजायचं. लेखाच्या शेवटी ‘पहा’ म्हणून संबंधित नोंदींची नावं. प्रत्येक बाणामागे विषय जाणणारा एक माणूस होता.

मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला. तिथेही लेखाच्या शेवटी संपादकांनी हाताने केलेली ‘हे सुद्धा पहा’ ही यादी असते. पण आता अनेक भाषांतल्या विकिपीडियावर, विशेषतः मोबाइलवर, लेख संपला की खाली आणखी तीन लेख चित्रासह येतात. ते कोणी माणूस बसून निवडत नाही. मराठीत लेखांची संख्या लाखाच्या आसपास, इंग्रजीत 65 लाखांहून अधिक. एवढ्या लेखांना हाताने बाण लावायला माणसं आणणार कुठून? म्हणून हे काम यंत्राकडे गेलं.

यंत्र नातं कसं जुळवतं?

यंत्राला अर्थ कळत नाही, पण मोजता येतं. त्याची रीत समजायला सोपी आहे. समजा, एसटी स्टँडवर तुम्हाला अनोळखी पाहुण्याला ओळखायचंय. “शर्ट घातलाय” असं कोणी सांगितलं तर उपयोग शून्य, कारण सगळ्यांनीच घातलाय. “हिरवा फेटा बांधलाय” म्हटलं की काम झालं. खूण जितकी दुर्मीळ, तितकी कामाची.

केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या कॅरेन स्पार्क जोन्स या संशोधक बाईंनी 1972 मध्ये शब्दांच्या बाबतीत हाच विचार मांडला. एखादा शब्द किती लेखांत येतो ते मोजा आणि जो कमी लेखांत येतो त्याला जास्त वजन द्या. उदाहरणापुरते हजार लेख धरू. ‘आहे’ हा शब्द हजारही लेखांत आहे, त्याचं वजन शून्य. ‘ताप’ पन्नास लेखांत आहे, म्हणजे वीस लेखांमागे एका लेखात. गणिती पद्धतीने त्याचं वजन येतं 1.3. ‘एडिस’ हे डासाच्या जातीचं नाव चारच लेखांत आहे, त्याचं वजन 2.4. शिवाय तो शब्द त्या लेखात किती वेळा आला हेही मोजलं जातं. अर्धशतक उलटलं तरी जगातल्या अनेक शोधयंत्रांच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

विकिपीडियाच्या शोधयंत्रात ‘यासारखे आणखी’ शोधण्याची जी सोय आहे, ती साधारण अशीच चालते. तुम्ही डेंग्यूचा लेख वाचत असाल तर यंत्र त्यातले वजनदार शब्द निवडतं आणि तेच शब्द टाकून इतर लेखांत शोध घेतं. चिकुनगुन्याच्या लेखात ‘डास’, ‘ताप’, ‘सांधे’ आणि ‘एडिस’ सगळे सापडतात, म्हणून तो वर येतो. हिवतापाचा डास वेगळा, ॲनाफिलीस, म्हणून तो थोडा खाली. एखाद्या पानावर यंत्राची निवड चुकीची वाटली तर संपादकांना ती बदलता येते, तशी सोय ठेवलेली आहे. बदलणारे हात मात्र हवेत.

आता नातीच्या मोबाइलवर काय घडलं असावं, याचा अंदाज येतो. ‘नागीण’ हा दुर्मीळ, म्हणून वजनदार शब्द. तो आणि त्याचे भाऊबंद कुठे भेटणार? नागाच्या लेखात. यंत्राने हिशोब चुकवला नाही. शब्दाचं नातं त्याने बरोबर जुळवलं. आजाराचं नातं त्याला माहीतच नव्हतं.

मराठीची खास अडचण

हे मोजमाप इंग्रजीपेक्षा मराठीत अवघड जातं. आपली भाषा शब्दाला शेपूट जोडते. ‘ताप’, ‘तापाने’, ‘तापात’, ‘तापामुळे’, ‘तापाचा’ हे तुम्हा-आम्हाला एकच, पण अक्षरं जुळवणाऱ्या यंत्राला पाच वेगळे शब्द. ‘पाणी’चं ‘पाण्यातून’ होतं, ‘मूल’चं ‘मुलाला’ होतं, म्हणजे शेपटासोबत शब्दाचं तोंडही बदलतं. शेपूट छाटून मूळ शब्द ओळखण्याची व्यवस्था नीट नसेल तर ‘ताप’ आणि ‘तापामुळे’ यांची एकमेकांशी ओळखच होत नाही.

दुसरी अडचण एकाच आजाराच्या अनेक नावांची. हिवताप म्हणजेच मलेरिया. क्षय, क्षयरोग आणि टीबी एकच. आमच्या ओपीडीत तर ‘शुगर’ म्हणतात, ‘साखर’ म्हणतात, क्वचितच कोणी ‘मधुमेह’ म्हणतो. एका लेखात एक नाव आणि दुसऱ्यात दुसरं असेल तर नुसते शब्द मोजणारं यंत्र दोघांना परके समजतं.

तिसरी अडचण उलटी, नाव एक आणि अर्थ दोन. ‘मान’ दुखते आणि ‘मान’ मिळतोही. ‘साथ’ रोगाची असते आणि तबल्याचीही. नागापूर आणि नागपूर यांत तर एका कान्याचाच फरक. आमच्याकडच्या पत्त्यातला तो कान्हा राहिला तर कागद साडेपाचशे-सहाशे किलोमीटर दूर जायचा!

अलीकडची यंत्रं याच्या पुढे गेली आहेत. एखादा शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीत येतो, यावरून ती अर्थाचा अंदाज बांधतात. म्हणजे ‘फोड’, ‘त्वचा’, ‘विषाणू’ यांच्या सोबतची नागीण वेगळी आणि ‘फणा’, ‘बीळ’ यांच्या सोबतची वेगळी, हे त्यांना उमजू शकतं. पण ही संगत शिकण्यासाठी त्या भाषेत भरपूर आणि चांगलं लिखाण लागतं. मराठीत आरोग्यावर नेमकं लिहिलेलं जितकं कमी, तितका यंत्राचा अंदाज कच्चा. शिवाय जो लेख कोणी लिहिलाच नाही, त्याची शिफारस कोणतंही यंत्र करू शकत नाही.

डॉक्टरांच्या कामाचं यंत्र

या यंत्राला नावं ठेवून मी थांबलो तर तो कृतघ्नपणा होईल. वैद्यकीय शोधनिबंधांचा ‘पबमेड’ हा अमेरिकेतला मोफत संग्रह आम्ही डॉक्टर रोज वापरतो. तिथे निबंधाच्या सारांशासोबत ‘यासारखे निबंध’ ही यादी असते. शीर्षक, सारांश आणि विषयवार लावलेल्या संज्ञा यांचं मोजमाप करून ती आधीच तयार ठेवलेली असते. एखादा वेगळाच रुग्ण समोर आला, त्याच्यावर एक निबंध सापडला आणि खालच्या यादीतून नेमका उपयोगाचा दुसरा मिळाला, असं माझ्याबाबतीत कितीदा तरी झालंय. तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या डॉक्टरला ही सोय म्हणजे मोठ्या ग्रंथालयातला जाणकार ग्रंथपाल शेजारी बसल्यासारखं आहे.

लेखांच्या अशा नात्यातून नवं ज्ञानही निघू शकतं. शिकागो विद्यापीठातले डॉन स्वॉन्सन हे ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचे प्राध्यापक, डॉक्टर नव्हेत. थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसून बोटं पांढरीफटक पडतात, त्या रेनॉ नावाच्या विकारावरचे निबंध त्यांनी वाचले. या रुग्णांचं रक्त जास्त दाट असतं, रक्तकणिका एकमेकींना चिकटतात, असं त्यांत होतं. माशाच्या तेलावरचे निबंध अगदी वेगळे लोक लिहीत होते. त्यांत हे तेल नेमक्या याच गोष्टी कमी करतं असं होतं. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांचं वाचतच नव्हते. स्वॉन्सन यांनी 1986 मध्ये ही गाठ घालून दिली आणि हे तेल या रुग्णांना उपयोगी पडेल असा तर्क मांडला. 1989 मध्ये रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना हा विकार दुसऱ्या कोणत्याही आजाराशिवाय झाला होता, त्यांची थंडी सोसण्याची क्षमता माशाच्या तेलाने सुधारल्याचं तिच्यात दिसलं. तुकडे दोन्ही ग्रंथालयातच पडलेले होते. ‘हेही पाहा’ म्हणणारं कोणी नव्हतं, एवढंच.

सारखं दिसणं आणि गरजेचं असणं

स्वॉन्सन यांच्या उदाहरणातला मुद्दा महत्त्वाचा आहे. सगळ्यांत उपयोगी नातं बहुतेक वेळा सारख्या दिसणाऱ्या लेखांत नसतंच. यंत्र सांगतं ‘याच्यासारखं काय आहे’. रुग्णाला हवं असतं ‘आता मला काय कळायला हवं’.

डेंग्यूचंच बघा. यंत्र चिकुनगुन्या सुचवेल, ते चूक नाही. पण अंगदुखीने बेजार झालेला माणूस दुकानातून वेदनाशामक गोळी आणायला निघालेला असतो. डेंग्यूत ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. त्याला पुढचा लेख हवा तो या गोळ्यांचा. ‘डास’ आणि ‘आयब्युप्रोफेन’ यांचं शब्दांच्या जगात काय नातं?

क्षयरोग आणि मधुमेह हे दुसरं उदाहरण. एकाचे शब्द खोकला, थुंकी, फुप्फुस; दुसऱ्याचे साखर, इन्सुलिन, लघवी. लेख एकमेकांपासून कोसभर दूर. पण मधुमेह असलेल्याला क्षयरोग होण्याची शक्यता दोन ते तीन पट असते. म्हणूनच सरकारी दवाखान्यात क्षयरोग निघाला की आम्ही साखर तपासतो.

आणि सर्वांत जिवावरचं उदाहरण आम्लपित्ताचं. छातीत जळजळ होते म्हणून माणूस त्यावरचा लेख वाचतो. खाली येतं अपचन, आहार, घरगुती उपाय. सगळं शब्दाला शब्द जुळणारं. पण छातीवर दाब, सोबत दरदरून घाम, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणं, असं असेल तर ते पित्त नसून हृदयविकाराचा झटका असू शकतो. मधुमेह्यांत आणि बायकांत तर तो नुसती मळमळ, दम लागणं किंवा थकवा अशा रूपातही येतो. “पित्तच असेल” म्हणत रात्र काढलेले आणि सकाळी उशिरा पोचलेले रुग्ण प्रत्येक सरकारी डॉक्टरने पाहिले आहेत. अशा वेळी पुढचा लेख वाचत बसू नका. 108 ला फोन करा आणि ईसीजी काढून घ्या.

आम्ही डॉक्टर याला विभेदक निदान म्हणतो. समोर एक लक्षण असलं की मनात यादी तयार होते: हे असू शकतं, तेही असू शकतं आणि यातलं कोणतं चुकलं तर जिवाला धोका आहे? ही वैद्यकातली ‘हेही पाहा’ यादीच आहे. फरक इतकाच की ती दिसण्यावरून लावलेली नसते, धोक्यावरून लावलेली असते.

वाचकाने काय करावं?

मोबाइलवर आरोग्याचं वाचू नका, असा सल्ला मी देणार नाही. लोक वाचणारच आणि वाचावंही. फक्त काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

लेखाखाली आलेलं नाव म्हणजे डॉक्टरांचं मत नाही. ‘हेही वाचा’ याचा अर्थ ‘तुम्हाला हेही झालंय’ असा नाही. डोकेदुखीवरून सुरू करून चौथ्या लेखात मेंदूच्या गाठीपर्यंत पोचलेले धडधाकट तरुण मला आठवड्याला भेटतात.

लेखाच्या आत लेखकाने स्वतः दिलेला दुवा आणि शेवटी आपोआप आलेली शिफारस यांत फरक करा. पहिल्यामागे माणूस असतो, दुसऱ्यामागे हिशोब.

शिफारशींचं ठिकाण कोणतं हेही बघा. कोशातली यादी साधारणपणे मजकुराच्या सारखेपणावर ठरते. इतर अनेक ठिकाणी ती तुम्ही आणखी किती वेळ थांबाल यावर ठरते आणि भीतीने माणूस जास्त वेळ थांबतो.

आणि लिहिणाऱ्यांसाठी एक विनंती. मराठी विकिपीडियावर कोणीही लिहू शकतं. शिक्षक, परिचारिका, औषधनिर्माते, वैद्यकीय विद्यार्थी यांनी आठवड्यातला एक तास काढला, एखाद्या आजाराच्या लेखात आधारासह दोन नेमकी वाक्यं घातली आणि खाली ‘हे सुद्धा पहा’मध्ये योग्य नाव जोडलं, तर पुढच्या वाचकाची वाट सुधारते. यंत्रही तेच वाचून शिकतं.

आबांच्या बाबतीत मी माझी यादी केसपेपरच्या मागच्या बाजूला लिहिली. पहिलं, कांजिण्या: घरात लहान बाळ किंवा गरोदर सून असेल तर फोड वाळेपर्यंत तिला जपा, कारण ज्यांना कांजिण्या आल्या नाहीत त्यांना या फोडांतून त्या होऊ शकतात. दुसरं, डोळा: पुरळ कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तिसरं, साखर तपासा. नातीने कागद वाचला आणि विचारलं, “सर, नागिणीचा आणि साखरेचा काय संबंध?”

तपासणीत साखर बरीच वाढलेली निघाली. ती किती वर्षांपासून वाढलेली होती, कोणाला ठाऊक नव्हतं. आता गोळ्यांनी ती आटोक्यात आहे. नागिणीच्या जागेचा ठणका मात्र दिवाळीपर्यंत आबांच्या सोबत होता.